पिंपातला आंबा, झाडावरचा नारळ आणि न्यूटनचा तिसरा नियम: लेकीच्या प्रश्नाचं उत्तर हवंय

हापूसवाला | १० मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी देवगडजवळचा बागायतदार. भौतिकशास्त्राशी संबंध बारावीनंतर सुटला. लेक यंदा दहावीत जाईल. सुट्टीत पेट्या भरायला मदत करते, आणि काल तिने विचारलेला प्रश्न रात्रभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

आमच्याकडे झेल्याने काढलेला आंबा पाण्याच्या पिंपात सोडून बघतात. बुडला तो तयार, तरंगला तो कोवळा. ती पिंपावर वाकून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाबा, नोट्समध्ये लिहिलंय की टेबलावर पुस्तक ठेवलं तर पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबल वर ढकलतं ती प्रतिक्रिया. क्रिया-प्रतिक्रिया नेहमी सारख्या. मग आंब्याचं वजन ही क्रिया आणि पाणी वर लोटतं ती प्रतिक्रिया. तरंगणाऱ्या आंब्याचं जुळतं. पण बुडणाऱ्या आंब्याची प्रतिक्रिया कमी कशी पडली?"

मी म्हटलं, त्याची घनता जास्त. ती म्हणाली, "ते माहितीय मला. मी नियमाचं विचारतेय. नियम नेहमी लागू होतो ना?"

पुढे मला काही सांगता आलं नाही. नोट्स एका खासगी क्लासच्या आहेत, नाव नको, पण मीसुद्धा शाळेत हेच शिकलो होतो. कुणी नीट उलगडून सांगेल का? तिला बसवून वाचून दाखवणार आहे, त्यामुळे लांबलं तरी चालेल.

चिरेबंदी | १० मे, रात्री १०:०५

मी बांधकामातला माणूस, रोज हीच बलं मोजतो, तरी हा प्रश्न असा कधी मनात आला नव्हता. गुरुजी धाग्यावर येतीलच, आधी त्यांना बोलू दे. मग माझं टेबलाविषयी थोडं आहे ते लिहितो.

निवृत्त_मास्तर | ११ मे, सकाळी ६:१५

हापूसवाले, सगळ्यात आधी लेकीला सांगा की तिने नोट्समधली चूक स्वतःच्या बुद्धीने पकडली आहे. छत्तीस वर्षं शिकवलं मी, आणि ही चूक फार कमी मुलांना खटकते, कारण टेबलावरच्या पुस्तकात ती दिसतच नाही. पिंपातल्या आंब्यात ती उघडी पडली.

न्यूटनने १६८७ साली तिसरा नियम मांडला तो असा: 'अ'ने 'ब'वर बल लावलं की 'ब'सुद्धा 'अ'वर तेवढंच बल उलट दिशेने लावतो. यातली दोन्ही बलं एकाच जातीची असतात आणि दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. ती कधीही एकाच वस्तूवर नसतात. हे तिला दोनदा वाचायला सांगा.

आता आंब्याचं वजन म्हणजे काय? पृथ्वीने आंब्याला ओढणं. मग त्याची प्रतिक्रिया कोणती? आंब्याने पृथ्वीला ओढणं. इथे पाण्याचा काही संबंध नाही आणि टेबलाचाही नाही. अडीचशे ग्रॅमच्या आंब्याचं वजन २.४५ न्यूटन असेल, तर तो आंबासुद्धा पृथ्वीला २.४५ न्यूटन बलाने वर ओढतो. आंबा झाडावर असो, हवेत पडत असो, पाण्यात बुडत असो किंवा पेटीत पेंढ्यावर बसलेला असो, ही जोडी एका क्षणासाठीही मोडत नाही. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ वर २४ शून्यं इतके किलोग्रॅम, म्हणून ती हलल्याचं आपल्याला कळत नाही इतकंच.

पाणी आंब्याला वर लोटतं ते निराळंच बल. त्याला प्लावक बल म्हणतात. त्याची प्रतिक्रिया म्हणजे आंब्याने पाण्याला खाली लोटणं. ही दुसरी जोडी, तीही कधी मोडत नाही.

म्हणजे आंब्यावर, फक्त आंब्यावर, दोन बलं आहेत: पृथ्वीची खाली आणि पाण्याची वर. ती एकमेकांची क्रिया-प्रतिक्रिया नाहीत, म्हणून ती सारखी असलीच पाहिजेत असं बंधन नाही. सारखी झाली तर आंबा तोलला जातो. नाही झाली तर जिकडे जास्त तिकडे त्याची गती वाढते. टेबलावरच्या पुस्तकाच्या बाबतीतही नेमकं हेच आहे. तिथे पुस्तक स्थिर आहे, म्हणून दोन बलं सारखी आहेत. तिसऱ्या नियमामुळे नव्हे. आकडा बरोबर येतो म्हणून चुकीचं कारण वर्षानुवर्षं खपत राहिलं, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आता तुमच्या पिंपाचा हिशेब करू. तयार हापूसचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, साधारण १.०१ ते १.०२ असतं. म्हणजे २५० ग्रॅमचा आंबा साधारण २४५ मिलिलिटर पाणी बाजूला सारतो, आणि आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल त्याला वर लोटतं. उरलं किती? ५ ग्रॅमचं. आंबा बुडाला म्हणजे पाण्याने त्याला सोडून दिलं असं वाटतं, पण त्याचा जवळजवळ सगळा भार पाण्यानेच घेतलेला असतो. तळाला टेकल्यावर पिंपाचा तळ जेमतेम ५ ग्रॅमपुरता हात लावतो.

हापूसवाला | ११ मे, दुपारी १:३०

गुरुजी, वाचून दाखवलं. तळाचे ५ ग्रॅम ऐकून ती उठून पिंपापाशीच गेली. तळाचा आंबा बोटाने उचलून बघितला आणि म्हणाली, "खरंच बाबा, याला काही वजनच नाही. पाण्याबाहेर काढला की मग जड होतो." मी वीस वर्षं त्या पिंपात हात घालतोय, पण हे असं कधी जाणवलं नव्हतं.

तांडेल_मालवण | ११ मे, दुपारी ४:२०

एक सांगतो. ही परीक्षा चुकून समुद्राच्या पाण्यात करू नका. विहिरीचं एक लिटर पाणी एक किलो भरतं, समुद्राचं साधारण १ किलो २५ ग्रॅम. गुरुजींनी केला तोच हिशेब लावला तर २४५ मिलिलिटर खाऱ्या पाण्याचं वजन २५१ ग्रॅम होतं. म्हणजे तुमचा तयार आंबा समुद्रात तरंगणार आणि तुम्ही त्याला कोवळा म्हणणार.

आम्हाला हे होडीवर दिसतं. तोच माल, तीच माणसं, पण पावसाळ्यानंतर खाडीत गोडं पाणी भरलेलं असलं की होडी समुद्रातल्यापेक्षा जराशी खाली बसते. मोठ्या जहाजांच्या अंगावर यासाठीच खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या वेगवेगळ्या भाररेषा रंगवलेल्या असतात. माझे वडील म्हणायचे, "होडी भार घेता तितक्याच पाणी सारता, उसना घेणा नाय." त्यांनी आर्किमिडीजचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

लेकीला विचारा, दोन टनाची होडी किती पाणी बाजूला सारत असेल? दोन टनच. लोखंडाची असो नाहीतर लाकडाची.

निवृत्त_मास्तर | ११ मे, सायंकाळी ७:००

तांडेलदादा, तुमच्या वडिलांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

हापूसवाले, घरी लटकता ताणकाटा आणि पेट्या तोलायचा डिजिटल काटा असेल तर एक प्रयोग करा. बालदीत पाणी घेऊन ती डिजिटल काट्यावर ठेवा. वरवंटा दोरीने ताणकाट्याला बांधा आणि पाण्यात सोडा. तळाला टेकू देऊ नका, पाणी सांडू देऊ नका. दोन्ही काटे वाचा. त्याआधी लेकीला अंदाज लिहायला सांगा की बालदीखालचा काटा वाढेल, कमी होईल की तसाच राहील. अंदाज लिहिल्याशिवाय वरवंटा सोडायचा नाही.

हापूसवाला | १२ मे, रात्री ८:५०

केला! अख्खं घर अंगणात जमलं होतं.

अंदाज आधी. लेकीने लिहिलं, "बालदीचा काटा तसाच राहील, कारण वरवंटा दोरीला लटकतोय, बालदीला टेकलेला नाही." मीही तसंच म्हटलं. आई म्हणाली, "वाढेल. पाणी उचलतंय ना त्याला, मग पाण्यावर भार नको यायला?"

सुरुवातीला ताणकाट्यावर वरवंटा २.३ किलो, डिजिटल काट्यावर बालदी ६ किलो. वरवंटा हळूहळू पाण्यात सोडला. ताणकाट्याचा काटा मागे येऊ लागला आणि डिजिटलचे आकडे पुढे पळू लागले. पूर्ण बुडाल्यावर ताणकाट्यावर १.५ आणि बालदीवर ६.८. तिकडे ८०० ग्रॅम गेले, इकडे ८०० ग्रॅम आले. आईचं बरोबर निघालं.

लेक दोन मिनिटं गप्प होती. मग तिने बेरीज केली: २.३ अधिक ६ म्हणजे ८.३. १.५ अधिक ६.८ म्हणजे ८.३. "बाबा, वजन कुठेच गेलं नाही! उचलणारे दोघं झाले." शेवटी वरवंटा तळाला टेकवून दोरी सैल सोडली, तर वरती शून्य आणि खाली ८.३.

गुरुजी, पाणी वरवंट्याला वर लोटतं आणि वरवंटा पाण्याला खाली लोटतो ही जी तुमची दुसरी जोडी, ती काट्यावर आकड्यांत दिसली. आईने चवथीपर्यंतच शिक्षण घेतलंय. विहिरीवर कळशी ओढताना हे कळतं म्हणाली: कळशी पाण्यात असेपर्यंत हलकी, पाण्याबाहेर आली की खरा जोर लागतो.

चिरेबंदी | १३ मे, सकाळी ११:१०

आजींना नमस्कार सांगा. आता टेबलाचं लिहितो, कारण मुलांना पाणी वर लोटतं हे पटतं, पण निर्जीव टेबल वर ढकलतं हे पटत नाही. ती विचारतात की टेबलाला कसं कळतं किती जोर लावायचा?

टेबल वाकतं. डोळ्यांना दिसत नाही, पण वाकतं. गादीवर बसलात की गादी दबते आणि जितकी दबेल तितक्या जोराने वर लोटते. जोर तुमच्या वजनाइतका झाला की दबणं थांबतं. टेबल म्हणजे फार फार ताठ गादी. पुस्तक ठेवलं की फळीतले अणू किंचित जवळ ढकलले जातात, त्यांच्यातली विद्युत बलं त्यांना परत लांब लोटतात, त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे लंबबल. वर नारळ ठेवला की फळी आणखी किंचित वाकते आणि बल वाढतं. कुणी काही 'कळून' करत नाही.

कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल बघा. सर्वात उंच खांब ६४ मीटर. वरून गाडी गेली की तो खांबही अगदी थोडासा दबतो आणि गाडी गेली की पुन्हा होता तसा होतो. आमचं सगळं काम म्हणजे हे दबणं मर्यादेत ठेवणं. तोलणारं बल हवं तेवढं वाढतं, पण एका हद्दीपर्यंतच. पुढे फळी मोडते, दोरी तुटते, चिरा भंगतो.

झाडावरच्या नारळाचंही तसंच. सोलला नसलेला दीड किलोचा नारळ साधारण १४.७ न्यूटनने खाली ओढला जातो, देठातला ताण तेवढाच वर. नारळ पडतो त्या दिवशी पृथ्वीने जास्त ओढलेलं नसतं. देठ सुकून त्याची हद्द १४.७च्या खाली आलेली असते.

पडवीतला_झोपाळा | १३ मे, दुपारी ३:४५

चिरेबंदी, एक शंका. आमच्या झोपाळ्याच्या कड्या दोनदा तुटल्या. दोन्ही वेळा मुलं जोरात झोके घेत होती. स्थिर बसलेल्या दोन मोठ्या माणसांना त्या आरामात पेलत होत्या. असं का?

चिरेबंदी | १३ मे, सायंकाळी ६:३०

कारण झोका खालच्या टोकाला येतो तेव्हा बलं समतोल नसतातच. तिथे मूल वर्तुळाकार वाटेने वळत असतं, वळवायला वरच्या दिशेने जास्तीचं बल लागतं, आणि ते कड्यांनाच द्यावं लागतं. ताण वजनापेक्षा जास्त होतो. जितका मोठा झोका तितका जास्त. कड्या बदलाल तेव्हा हा हिशेब धरूनच घ्या.

दोरीचा आणखी एक प्रकार. वाळत घालायची दोरी खेचून अगदी आडवी बांधतात, तशी बांधू नका. दोन किलोचा ओला टॉवेल मध्यावर टाकला आणि दोरी दोन्ही बाजूंनी फक्त ५ अंश खाली झुकली, तर प्रत्येक बाजूला ताण सुमारे साडेअकरा किलो वजनाइतका येतो. वजन तोलायला ताणाचा फक्त उभा भाग उपयोगी पडतो, आणि दोरी आडवी असली की उभा भाग अगदी थोडा असतो. पूर्ण आडवी दोरी काहीच तोलू शकत नाही, म्हणून ती झुकतेच.

माडावरून | १३ मे, रात्री ९:१५

माझे आजोबा माडावर चढायचे, म्हणून लिहितो. चढणाऱ्याचं वजन कोण तोलतं? गुळगुळीत खोडावर घर्षण. तळपाय आणि हात खोडावर दाबायचे. जितकं दाबाल तितकं घर्षण जास्त मिळू शकतं. पायात दोरीचा फास असतो तो हा दाब टिकवायला. पावसात खोडावर शेवाळ धरलं की तेवढंच दाबून पूर्वीइतकं घर्षण मिळत नाही, म्हणून आजोबा पावसात चढायचे नाहीत. आणि जुन्या माडांना खाचा पाडलेल्या असतात तिथे काम एकदम बदलतं. पाऊल खाचेत टेकलं की खाच टेबलासारखी सरळ वर लोटते, दाबायची गरज उरत नाही. एकच माणूस, एकच वजन, पण चार हातांच्या अंतरात तोलणारं बल बदलतं. हे मला आज चिरेबंदींचं वाचताना उमगलं.

सातपाटी_किनारा | १४ मे, सकाळी ८:००

पालघरकडून हजेरी. घोळ माशाच्या पोटातल्या ज्या पिशवीला आम्ही बोत म्हणतो, जिला एवढा भाव मिळतो, ती या धाग्यातलीच वस्तू आहे. त्या पिशवीत वायू असतो. मासा ती कमीजास्त करून आपलं आकारमान असं जुळवतो की प्लावक बल नेमकं वजनाइतकं व्हावं. मग पोहण्याचे श्रम न करता तो पाण्यात जागच्या जागी राहतो.

मुशीला, म्हणजे शार्कला, अशी पिशवी नसते. तिचं यकृत मोठं आणि तेलाने भरलेलं, तेल पाण्यापेक्षा हलकं, त्याने थोडा भार कमी होतो. उरलेलं काम तिचे पर करतात, तेही ती पुढे जात असली तरच. एकाच गुरुत्वबलाला तोलायचे हे दोन वेगळे मार्ग, दोन्ही आपल्या बाजारात एकाच फळीवर पडलेले असतात.

ओट्यावरून | १४ मे, रात्री १०:३०

मी विजयदुर्गचा. आमच्या किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून. त्या ग्रहणाशी हेलियमच्या शोधाची गोष्ट जोडलेली आहे. त्या सूर्यातही हाच तोल आहे. सूर्याचं गुरुत्व त्याचं सगळं द्रव्य आत खेचतं, आणि तापलेल्या वायूचा दाब ते बाहेर लोटतो. आत हायड्रोजनचं हेलियम होत राहतं, उष्णता टिकते, म्हणून दाब टिकतो. पिंपातल्या आंब्यापासून इथवर एकच प्रश्न विचारता येतो: खाली ओढणारं कोण ते ठाऊक आहे, वर लोटणारं कोण?

माझी शंका मात्र चंद्राची. चंद्राला कोण तोलून धरतं? केंद्रोत्सारी बल, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूला बाहेर लोटणारं, असं वाचलंय.

निवृत्त_मास्तर | १५ मे, सकाळी ६:४०

चंद्राला कुणीच तोलून धरत नाही. त्याच्यावर पृथ्वीच्या ओढीला तोलणारं बल असतं, तर तो सरळ रेषेत निघून गेला असता. न्यूटनचा पहिला नियम हेच सांगतो. तो वळतो, याचाच अर्थ बल असंतुलित आहे. चंद्र सतत पृथ्वीकडे पडतोय, पण त्याला आडवा वेग इतका आहे की पडता पडता तो पृथ्वीला वळसा घालतो. केंद्रोत्सारी बल फिरत्या चौकटीत बसून, म्हणजे आपणही सोबत फिरतोय असं धरून, हिशेब करायचा असेल तरच धरतात. जमिनीवर उभं राहून बघणाऱ्याने ते धरू नये.

अंतराळ स्थानकातले लोक तरंगतात तेही यामुळेच. तिथे गुरुत्व नाही असं मुलं सर्रास लिहितात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वत्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितक्या मीटर प्रति सेकंदाने वाढतो ते) ८.७ च्या आसपास असतं, इथे जमिनीवर ९.८. फारसं कमी नाही. त्यांना वजन जाणवत नाही कारण खालून लोटणारं काहीच नाही. आपल्याला जे 'वजन' म्हणून जाणवतं ते पृथ्वीची ओढ नव्हे, तर जमिनीचं तळपायाला वर लोटणं.

हापूसवाला | ९ जून, रात्री ८:२०

आंब्याच्या गडबडीत महिनाभर फिरकता आलं नाही. सगळ्यांचे आभार मानायला आणि पुढचं सांगायला आलोय.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. पागोळ्या बघत पडवीत बसलो होतो आणि लेकीने विचारलं, थेंब पडतोय म्हणजे त्याच्यावरची बलं असंतुलित ना? यावेळी मी तयारी केली होती. सांगितलं की सुरुवातीला असंतुलित, वेग वाढतो. पण वेग वाढेल तसा हवेचा रोधही वाढतो, आणि थोड्याच अंतरात तो थेंबाच्या वजनाइतका होतो. तिथून पुढे बलं संतुलित, वेग कायम. मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटरने येतो. हवा नसती तर एक किलोमीटरवरून सुटलेला थेंब १४० मीटरने आला असता, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. ती म्हणाली, "म्हणजे पडत असूनही तोललेला?" हो म्हटलं.

मग तिने विचारलं, "आणि नारळ सुटला तेव्हा त्याच्यावर मुंगी बसलेली असेल तर? तिला वजन जाणवेल का?"

गुरुजींचं स्थानकाचं उत्तर आठवलं. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ खिळ्याने भोक पाडलं, पाणी भरलं, झाकण उघडं ठेवलं. लेक गच्चीवर, मी खाली अंगणात मोबाईल धरून. बाटली हातात असताना भोकातून सरळ धार लागली होती. तिने सोडली. जेमतेम एक सेकंदाचं पडणं, डोळ्याला काही समजलं नाही. पण चित्रफीत हळू करून बघितली तर हात सुटल्याबरोबर धार थांबलेली. खाली येईपर्यंत भोकातून पाणी नाही. बाटलीही पडतेय, पाणीही पडतंय, कुणी कुणावर टेकलेलंच नाही.

तीनदा केलं. तिन्ही वेळा धार थांबली. आई गच्चीच्या जिन्यात उभी राहून तिसऱ्यांदा बघत होती.

लेकीने वहीत चित्रं काढली आहेत. तरंगणारा आंबा, दोन सारखे बाण. बुडणारा आंबा, खाली लांब बाण आणि वर जरासा आखूड. तळाला टेकलेला आंबा, वर दोन बाण, त्यातला एक इतका छोटा की बाजूला "५ ग्रॅम" लिहावं लागलं. पावसाचा थेंब, पुन्हा दोन सारखे. शेवटी पडणारी बाटली, आणि तिच्यावर एकच बाण.